कौतिकाआत्याचे अकरा दिवस

९ जानेवारी
आठवी ‘ब’ची चित्रं तपासली. विषय ‘माझे गाव’. एकूण एक पोरांनी दोन त्रिकोणी डोंगर आणि मधून सूर्य काढलाय. साकोलीत असे डोंगर कोणाच्या घरामागे आहेत, उद्या विचारते.

मधल्या सुट्टीत मृण्मयीचा फोन. मुंबईची लेखिका, दीड वर्षापासून माझ्या चित्रकादंबरीवर सिनेमा लिहून राहिली आहे. म्हणाली, “ताई, सिनेमा होत नाहीये.” मी म्हटलं, बरं. खरं तर सुटल्यासारखं वाटलं. तर म्हणे, “ऐका ना पुढे. आता मालिका करायची. आठ भाग.”

घंटा झाली. नववीला पूर्ण तास बाटली आणि कांदा काढायला लावला आणि मी भागाकार करत बसले. एकशे चौसष्ट पानं, भाग आठ. साडेवीस येतात. अर्ध्या पानावर भाग कसा संपवतात?

१० जानेवारी
शरदला सांगितलं. नवरा म्हणून त्याचं पहिलं वाक्य: “चांगलंच झालं. सिनेमा पाहाले नागपूरले जा लागते. हे घरी बसून दिसन.”
संध्याकाळी कपाटातून पुस्तक काढलं. छापून आल्यावर कधी सलग वाचलंच नव्हतं. चुकाच दिसतात म्हणून.
कौतिकाआत्या माझ्या बाबांची मोठी बहीण. सानगडीत जन्मली, घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा सहा वर्षांची होती, आसगावला दिली, दुसऱ्यांच्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांत, रोवणी-कापणी केली, पुढे अंगणवाडीत लागली. एवढंच. पण ती जशी बसून ऐकते तसं कोणाला ऐकताना मी पाहिलं नाही, म्हणून तिला काढायला घेतलं. चार वर्षं गेली.
पान ७२ आणि ७३. तिथे येऊन थांबले. डावीकडे आत्या धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, पाठमोरी चालली आहे, हातात पिशवी. उजवं पान कोरं. चोवीस वर्षांची असताना ती घर सोडून गेली, तीन वर्षांच्या दिलीपला सासूजवळ ठेवून. अकराव्या दिवशी परत आली. कुठे होती, कोणाला माहीत नाही.
एकाने परीक्षण लिहिलं होतं, या कोऱ्या पानात स्त्रीचं सगळं मौन आहे म्हणून. मी ते कापून ठेवलंय. पण खरी गोष्ट ही की मला माहीतच नव्हतं म्हणून पान कोरं सोडलं.

१७ जानेवारी
मोबाइलवर बैठक. मृ. आणि तिचे निर्माते, ज्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणतात. सरांचा चेहरा पूर्ण वेळ अर्धाच दिसत होता.
मृ.ने समजावलं ते असं. सिनेमात बस जाते, धूळ उडते, धूळ बसते, बस परत येते. दोन मिनिटं. अंधारात बसलेला माणूस ते मान्य करतो. मालिकेत तसं चालत नाही. चौथा भाग ती बसमध्ये चढते तिथे संपणार. पाहणारा पाचवा भाग लावतो तोच मुळी हे विचारत, की कुठे गेली?
मी: “मलाही माहीत नाही.”
मृ.: “म्हणजे? पुस्तक काढताना विचारलं नाहीत?”
नाही विचारलं. हे उत्तर देताना स्वतःचंच नवल वाटलं. चार वर्षं दर महिन्याला जात होते. तिच्या नथीचा आकार विचारला, चुलीची उंची मोजली, अंगणवाडीच्या वजनकाट्याचा रंग विचारला. हे नाही विचारलं.
का नाही? भीती म्हणावं तर तसंही नाही. आमच्या घरात ‘आत्या अकरा दिवस गेली होती’ हे वाक्य असं बोललं जायचं, जसं ‘तेव्हा पूर आला होता’. पुराला कोणी विचारतं का.

१८ जानेवारी
पुस्तकात दोन चौकटींच्या मध्ये पांढरी पट्टी असते. माणूस इकडून तिकडे उडी मारतो, मधलं स्वतः भरतो. ती पट्टी माझी सगळ्यात आवडती जागा. आता ती मंडळी म्हणतात, पट्टीच्या आत शिरून पाहू. मला आवडायला नको. पण पाहावंसं वाटून राहिलं आहे.

२६ जानेवारी
झेंडावंदन आटोपून आसगाव. दोन बस बदलून. आत्या अंगणात लाखोळीची भाजी निवडत होती. दिलीपदादा मोटरचं पाहायला बांधीत गेलेला. (दादा आता त्रेपन्नचा. ती चौऱ्याहत्तर.)
मी सरळच विचारलं. “आत्या, तू अकरा दिवस कोठी गेली होतीस?”
“बजारले.”
“अकरा दिवस?”
“मोठा बजार होता.”
भाजी निवडत राहिली. मग तिनेच विचारलं, “हे कायले पाह्यजे?” मी मालिकेचं सांगितलं. एक गोष्ट आठ दिवस सांगायची म्हटल्यावर तिला नवल वाटलं नाही. म्हणाली, कथा अशीच सांगतात, एका बैठकीत सांगणारा घाईचा माणूस.
कागद दिला तिला. जिवंत माणसावर आहे म्हणून कंपनीला तिची लेखी संमती लागते. पेटीत ठेवला. वाचला नाही.
निघताना दादा भेटला. त्याला काही बोलले नाही.

८ फेब्रुवारी
पाचव्या भागाचा मसुदा आला. सोळा पानं. आत्या साकोलीला बसमधून उतरते. पाऊस. ढाब्यावर एक ट्रक ड्रायव्हर, नाव रघू, तिला चहा देतो. ती रायपूरपर्यंत त्याच्या ट्रकमध्ये जाते. शेवटी रघू म्हणतो, तुझं आकाश तुझी वाट पाहतंय.
आधी हसले. मग शरदला वाचून दाखवलं, तोही हसला. मग भाकरी थापताना एकदम राग आला. हसू आलं त्याचाच.
मृ.ला लिहिलं: हे तिचं नाही. तिचं उत्तर लगेच: “ताई, मला कळतंय. पण रिकामी जागा कोणीतरी भरणारच. तुम्ही भरली नाहीत तर सर भरतील. करारात नाट्यमय स्वातंत्र्याचं कलम आहे.” करार काढून पाहिला. आहे. माझी सही त्याच्याखालीच आहे.

११ फेब्रुवारी
आत्याला फोन करून रघूचं सांगितलं. वाटलं, चिडेल.
“दिसाले कसा हाय?”
“मिशा आहेत म्हणे.”
“मंग बरा हाय.” आणि खूप वेळ हसत होती. हसता हसता ठसका लागला.
मग फोन दादाने घेतला. त्याने ऐकलं होतं. आवाज शांत, तोच त्याचा वाईट आवाज. “सुनंदा, शाळेत पोट्टे मले ‘अकरा’ म्हनत. नाव नाही, अकरा. ए अकरा, इकडे ये. तू पुस्तक काढलं, मी बोललो नाही. त्यात कोरं पान होतं. आता तू टीव्हीवर दाखवशीन का माही माय कोनाच्या ट्रकमधी बसली थे?”
मी म्हटलं, दादा, मी नाही, ते लोक—
“सही मी करू देनार नाही.” फोन बंद.
‘अकरा’. सेहेचाळीस वर्षांची झाले आणि मला हे आज कळतं. पुस्तकात दादाची शाळा दोन पानं आहे. त्यात मी त्याला भोवरा फिरवताना काढलंय.

१२ फेब्रुवारी
शाळेत लक्ष नव्हतं. शरद म्हणतो, सोडून दे, नाही म्हणून कळव. म्हणू शकते? आत्याने सही केली नाही तर ते तिचं नाव बदलतील, गाव बदलतील आणि रघूला ठेवतील. मृ.ने स्पष्टच सांगितलं तसं.

२२ फेब्रुवारी
आत्या आली. एकटी, बसने. डोळे दाखवायचे म्हणून. डॉक्टरकडे नेलं, मोतीबिंदू पिकायला वेळ आहे म्हणाले. घरी येताना मला म्हणाली, “हायवेकडून चाल.”
पायी गेलो. एका मोबाइल दुकानापाशी थांबली. वर पाहिलं. खाली पाहिलं. “इथीच असन. रस्ता मोठा झाला, तवा पाडलं असन.”
“काय?”
“खोली. नर्सबाईची.”
बाजूच्या दुकानातून दोन चहा घेतले. बाकड्यावर बसून तिने सांगितलं. मी वही काढली नाही. आता आठवून लिहिते आहे, जसंच्या तसं जमेल तितकं.

“नर्सबाई लसी टोचाले आसगावले येत होती. गोंदियाकडली होती, तवा एकच जिल्हा होता आपला. एकटीच राहे. मले म्हने, कौतिका, तू थकली दिसतेस. कदी आराम करावा वाटला तं माह्याकडे ये. लोक म्हनत असतात असं. मी खरंच गेली.
“रोवना सरला होता. घरी सांगतलं, सानगडीले जातो, मायकडे. बसमधी बसली, मंग साकोलीलेच उतरली. नर्सबाईनं दार उघडलं तं तिले आठवलंच नाही का बोलावलं होतं. पन घेतलं घरात.
“पयले दोन दिवस झोपली. जेवाले उठवे थे, जेवो, अन् मंग झोपो. दुसऱ्या बाईनं शिजवलेला भात, मांडी घालून. पोटभर. तिसऱ्या दिवशी थे ड्युटीवर गेली अन् किल्ली माह्या हातात देली. किल्ली मी पयल्यांदाच धरली हातात. आमच्या घरी कुलूपच नोयतं, कोन कायले लावन?”

मी विचारलं, मग काय केलं दिवसभर?
“काही नाही.”
“काहीतरी केलं असशील.”
“खिडकी होती. टरका जात. पाहे. सातव्या दिवशी कंटाळा आला. मले वाटलं ताप येऊन राह्यला. नर्सबाईले सांगतलं, असं असं होते. थे हासली. म्हने, ह्याले कंटाळा म्हनतेत.”

चोवीस वर्षांची बाई, कंटाळा म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलेली. चहा निवून गेला माझा.
“आणि शोधायला कोणी आलं नाही?”
“इकडच्याईले वाटे सानगडीले हाय. सानगडीवाल्याईले वाटे आसगावले हाय. मंग कळ्ळं तं दोन्ही घरं भांडत बसले, कोनाची चूक म्हनून.”
“मग परत काहून आलीस?”
पेल्याच्या तळाशी पाहत होती. “कोनी न्याले आलं असतं नं, तं नसती आली. कोनीच नाही आलं. मंग माही मीच आली.”

२३ फेब्रुवारी
आत्याला बसमध्ये बसवून दिलं. खिडकीतून म्हणाली, “थ्या मुंबईच्या पोरीले सांग. सांगाले हरकत नाही. सही करावं का नाही थे मंग पाहीन.” मी विचारलं, दादाला सांगितलंस कधी? बस सुरू झाली. तिने ऐकलं की नाही, कोणास ठाऊक.

२५ फेब्रुवारी
मृ.ला सगळं सांगितलं. शेवटी ती म्हणाली, “म्हणजे… काहीच झालं नाही?”
“नाही.”
“ती नुसती झोपली आणि जेवली?”
“आणि कंटाळली.”
“नंतर बोलते,” म्हणून तिने फोन ठेवला.

२८ फेब्रुवारी
मृ. स्वतः फोन करून: “ताई, दोन दिवस दुसरं काही सुचत नाहीये. माझी आई अशी कधी अकरा दिवस बसली असेल का, हेच डोक्यात. मला पाचवा भाग पूर्ण त्या खोलीतच करायचा आहे. चाळीस मिनिटं. बाई आणि खिडकी.”
मी विचारलं, लोक पाहतील?
“सिनेमात नसते पाहिले. दोन तासांत चाळीस मिनिटं रिकामी बाई कोणी देत नाही. पण इथे चार भाग तिला राबताना पाहिलंय ना लोकांनी. ते स्वतःच थकलेले असतील. तेही तिच्याबरोबर बसतील.”
हे मला पटलं, आणि मी पुस्तकात का करू शकले नसते तेही कळलं. कागदावर रिकामं पान एका सेकंदात उलटतं. वाचणाऱ्याला थांबवायची ताकद माझ्या हातात नाही. त्यांच्या हातात आहे. हेवा वाटला थोडा.

४ मार्च
सर म्हणाले (मृ.कडून कळलं): सुंदर कल्पना, पण रघू राहू द्या, निदान खिडकीतून दिसू द्या.

६ मार्च
शाळेतून आल्यावर खोली काढायला बसले. अकरा चौकटी, एका दिवसाला एक, सगळ्यांत तीच खिडकी. तिसरी काढताना अडले. खिडकीला गज उभे की आडवे? पडदा होता? आत्याला फोन. “गज नोयते. फळ्या होत्या दोन. एक मोडली होती, तिथून पाहे.” म्हणजे आडवी फट. म्हणजे तिला ट्रकची फक्त चाकं दिसली असतील, किंवा फक्त वरचा माल. विचारलं. म्हणे, “बसली का माल, उभी राह्यली का चाकं.”
अशी बाई चार वर्षं माझ्या समोर होती आणि मी चूल मोजत होते.
रघूचा चेहरा त्या फटीतून दिसू शकत नाही. मृ.ला चित्र काढून पाठवलं, खाली एवढंच लिहिलं. तिच्या उत्तरात नुसता एक हसरा इमोजी.

१९ मार्च
आसगाव. आत्यानेच बोलावलं. “दिलीपले सांगाचं हाय, तू बस बाजूले.”
मोहाची फुलं वाळत घातली होती अंगणात, वास डोक्यात जाणारा. दादा बाजेवर बसला, माझ्याकडे पाहिलं नाही. आत्याने सांगितलं. मला सांगितलं त्यापेक्षा कमी शब्दांत. नर्सबाई, खोली, भात, किल्ली. मसुद्यातल्या रघूचं नावसुद्धा नाही आलं कुठे. ‘कोणी न्यायला आलं असतं तर’ हे मात्र तिने सांगितलं नाही. मी पाहत होते, सांगते का. नाही सांगितलं.
दादा ऐकत राहिला. मला वाटलं ओरडेल, किंवा मोकळा होईल, की बस, एवढंच होतं. पन्नास वर्षं ‘अकरा’ म्हणवून घेतलं ते एवढ्यासाठी.
तो उठला. मोहाच्या फुलांमधली काडी वेचून बाहेर टाकली. परत बसला.
“मी रडलो होतो काय?”
आत्या गोंधळली. “कवा?”
“थ्या अकरा दिवसांत. मी तीन वर्साचा होतो. मी रडलो होतो का तुह्यासाठी?”
आत्याचा हात पदरावर होता, तो तिथेच राहिला.
“मले काय मालूम, बापा. मी तं इथी नोयती.”
 कोंबड्या फुलांवर आल्या, आत्याने उठून हाकलल्या.
येताना बसमध्ये वही उघडली. माझ्या अकराही चौकटी खोलीतल्या आहेत. आसगावचं घर एकाही चौकटीत नाही.

२१ मार्च
मृ.: “सर तयार होतायत. रघू गेला. पण कागद पाहिजे ताई, आत्यांची सही. सोमवारपर्यंत कळवा.”
तिला दादाचा प्रश्न सांगितला. ती म्हणाली, “अरे देवा.” मग लेखिका जागी झाली तिच्यातली. “सहावा भाग…” असं म्हणून थांबली.  तिला काय सुचलं ते मलाही सुचलंच होतं, बसमध्येच: तेच अकरा दिवस, आसगावच्या घरातून.

२५ मार्च
दादाचा फोन. त्याने स्वतःहून मला फोन केल्याचं आठवत नाही, लग्नाचं आमंत्रण सोडून. मागे मोटर चालू होती, बांधीतून बोलत असावा.
“सुनंदा, मी विचारून राहिलो गावात.”
“काय?”
“रडलो का नाही थे.”
जुनी माणसं दोनच उरलीत तेव्हाची. शेजारची म्हातारी म्हणाली, नाही रे, तू मजेत होता, आजीच्या मागंमागं हिंडे, मायची आठवणच नव्हती तुले. दादा खूश झाला नाही. मग दुसऱ्या टोकाच्या म्हाताऱ्याकडे गेला. तो म्हणाला, रोज बस येण्याच्या वेळी तू रस्त्यावर बसून राहे, उचलून आणावं लागे, अकराही दिवस.
“आता कोनतं खरं?”
मी म्हटलं, दादा, मला काय माहीत. मी जन्मलेच नव्हते.
“तरी. तू काढशीन तं कोनतं काढशीन?”
माझ्या समोर कोरा कागद होता आणि पेन्सिलला टोकही नीट होतं. सोमवार काल झाला. मृ.चे तीन मिस-कॉल आहेत. दोन्ही चित्रं मला दिसत होती, अगदी स्पष्ट. दोन्हींत पोरगा पाठमोरा.
“तुला कोणतं पाहिजे, दादा?”
मोटर बंद झाल्याचं ऐकू आलं. मग तो म्हणाला, “थांब. मायले विचारून सांगतो.”